व्हर्जिलची सोनेरी पोथी कोणी केली? फिरणाऱ्या पोस्टला उत्तर

चर्मपत्राचं एक पान सध्या बरंच फिरतंय. लॅटिन कवितेच्या ओळी, त्यांच्याखाली ट्रॉयचा लाकडी घोडा, आणि सोबत हा मजकूर: चर्चने हजार वर्षं रोमन कवींची पुस्तकं जाळली. मग रेनेसाँ आला, मठातल्या भिक्षूंनी एकेका प्रतीपायी अख्खं आयुष्य वेचलं. अक्षरही प्राचीन रोमन लोकांचं, जसंच्या तसं. पुढे छापखाना आला आणि ही कला रातोरात मेली. शेवटी हात जोडलेली इमोजी.

चित्र खरं आहे. फ्लॉरेन्सच्या रिकार्दियाना ग्रंथालयातलं ४९२ क्रमांकाचं, रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याचं हस्तलिखित, १५ व्या शतकाच्या मध्यातलं. मजकुराचं मात्र अवघड आहे.

आधी जाळपोळ. व्हर्जिल कधी हरवलाच नव्हता. मध्ययुगात लॅटिन शिकायचं म्हणजे व्हर्जिल वाचायचा, मग शिकणारा पाद्री का असेना. इ.स. ४०० च्या आसपास केलेली त्याची सचित्र प्रत आजही व्हॅटिकनमध्ये आहे. १४ व्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कवी डान्टेने आपल्या काव्यात नरकातून वाट दाखवायला सोबतीला घेतला तोही व्हर्जिलच. (डान्टेच्या त्या काव्याचं एक जुनं हस्तलिखित मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. ज्यांना जुन्या पोथ्यांबद्दल खरोखर कळवळा आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं.) देव-धर्माची भीती घालवा म्हणणारा रोमन कवी लुक्रेशिअस १४१७ साली पोज्जो ब्राच्चोलिनी या इटालियन विद्वानाला सापडला, कारण कुठल्यातरी मठात कोणीतरी त्याची नक्कल करून ठेवली होती. त्याच्या ९ व्या शतकातल्या दोन प्रती आज नेदरलँड्समधल्या लायडनला आहेत. हेळसांड झाली हे कबूल. जुनी पानं खरवडून त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, आणि रोमन कवी कॅटलसची कविता तर व्हेरोनातल्या एकाच प्रतीच्या धाग्यावर तगली. तीही पुढे गहाळ झाली, तिच्या नकला उरल्या. पण अडगळीत पडणं वेगळं आणि जाळणं वेगळं.

आता भिक्षू. पोस्टचा सगळा गहिवर इथे आहे आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच. या घोड्याचं चित्र काढणारा अपोलोनिओ दि जोव्हान्नी फ्लॉरेन्समधला धंदेवाईक चित्रकार. भागीदारीत कारखाना चालवायचा. मुख्य माल काय, तर लग्नात द्यायच्या रंगवलेल्या पेट्या. आपल्या रुखवतातच शोभाव्यात अशा, फक्त श्रीमंतांच्या. कारखान्याच्या १४४६ ते १४६३ या वर्षांतल्या ऑर्डरींची यादी नंतरच्या एका नकलेतून आपल्यापर्यंत आलीय. पेट्यांवर एनिअसच्या, म्हणजे व्हर्जिलच्या ‘ईनिड’ महाकाव्याच्या नायकाच्या, कथा रंगवणारा हात पोथीतही तेच रंगवतो, आणि ते दिसतं. ट्रॉयची माणसं फ्लॉरेन्सच्या बाजारातून उचलल्यासारखी, काहींच्या डोक्यावर बायझंटाइन धाटणीच्या उंच टोप्या, आणि प्राचीन शहरात फ्लॉरेन्सच्या बड्या मेदिची घराण्याच्या नव्याकोऱ्या वाड्यासारखी इमारत. भाविक भिक्षू असं करत नाही. गिऱ्हाइकाला आपलं शहर बघायला आवडतं हे ओळखणारा दुकानदार करतो. अपोलोनिओ १४६५ मध्ये वारला. पोथीतली चित्रं अर्धवटच आहेत, काही ठिकाणी नुसत्या रेषा, रंग चढलेलाच नाही. पोस्टमध्ये ही पानं नसतात.

मजकूर लिहिणारा वेगळा, रंगवणारा वेगळा, बांधणारा आणखी वेगळा. या सगळ्यांना एकत्र आणायला पुस्तकविके असत. त्यांतला नामांकित वेस्पासियानो दा बिस्तिच्ची. कोझिमो मेदिचीसाठी आपण ४५ नकलकार बसवून २२ महिन्यांत २०० पुस्तकं तयार केली, असं तो स्वतःच सांगतो. बढाई थोडी वजा केली तरी ‘एका प्रतीला एक आयुष्य’ हा हिशेब कुठेच बसत नाही. वेळखाऊ काम नव्हतं असं नाही. सोन्याच्या वर्खाखाली आधी गेसोचा, म्हणजे पांढऱ्या लेपाचा, पातळ उठाव द्यायचा, तो वाळला की सोनं चिकटवायचं, मग कुत्र्याच्या दाताने नाहीतर गुळगुळीत दगडाने घासून चमक आणायची. पण हे कारागिराचं कौशल्य, मोबदला घेऊन केलेलं. त्यात कमीपणा कसला?

अक्षराची गंमत तर पोस्टवाल्याला ठाऊकच नसावी. हे सुटसुटीत गोल वळण रोमन नाहीच. पोज्जो आणि त्याच्या मित्रांनी जुन्या प्रती शोधल्या, त्यातलं स्वच्छ अक्षर त्यांना प्राचीन वाटलं, आणि त्यांनी ते गिरवलं. ते होतं मध्ययुगीन सम्राट शार्लमेनच्या काळात रुळलेलं, म्हणजे ९ व्या शतकापासूनचं! समासातली पांढऱ्या वेलींची नक्षीही रोमन समजून उचलली. तीही ११-१२ व्या शतकातल्या इटालियन पुस्तकांतली. म्हणजे ज्या ‘अंधाऱ्या’ मध्ययुगाला पोस्ट नावं ठेवते, त्याचंच अक्षर आणि त्याचीच वेलबुट्टी तिने मोठ्या कौतुकाने फॉरवर्ड केलीय.

राहता राहिला छापखाना. व्हर्जिल रोममध्ये १४६९ च्या सुमारास छापून आला. त्यानंतरही पादुआचा बार्तोलोमेओ सानव्हितो श्रीमंत पाद्री आणि विद्वानांसाठी लिहीतच होता. त्याच्या हातचा व्हर्जिल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, शीर्षकांच्या ओळी सोन्यात आणि रंगांत, रोमन शिलालेखांच्या मोठ्या अक्षरांत. तो १५११ साली गेला. त्याआधी दहा वर्षं, १५०१ मध्ये, व्हेनिसचा मुद्रक आल्डस मानुटिअस याने खिशात मावेल असा व्हर्जिल छापला, तोही तिरक्या टाइपात. तो टाइप त्या काळच्या विद्वानांच्या झरझर हस्ताक्षरावरून पाडलेला. आज आपण वर्डमध्ये ‘इटालिक’ दाबतो ते तिथून आलं.

दुकान बंद झालं ते वेस्पासियानोचं. तो १४८० च्या आसपास धंदा सोडून गावाकडे गेला आणि आपल्या गिऱ्हाइकांची चरित्रं लिहीत बसला. चित्रकारांना मात्र नवं काम मिळालं. मुद्रक पहिल्या अक्षराची जागा कोरी सोडायचे आणि मधोमध तेच अक्षर बारीक टाइपात छापायचे, रंगवणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून. पैसेवाला गिऱ्हाईक तिथे सोनं चढवून घ्यायचा. इतरांच्या प्रतींत ती चौकट तशीच राहिली. ‘ईनिड’च्या पहिल्या ‘आर्मा’ शब्दातला ‘ए’ अशा पुस्तकांत मुंगीएवढा दिसतो.