तळ्यात की मळ्यात?

परराष्ट्र सेवेत निवड झाली, अभिनंदन! पेढे वाटून झाले असतील, चौकात फ्लेक्सही लागला असेल. आता मानवी हक्क बळकट करायला जिनिव्हाला निघालाच आहात, तर जरा ऐकून ठेवा.

लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळलात ना? तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेतही मतदानाला तेच. हिरवं बटण म्हणजे हो, म्हणजे तळ्यात; लाल म्हणजे नाही, म्हणजे मळ्यात. आपण तटस्थांचं पिवळं दाबायचं आणि बांधावर उभं राहायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनमधल्या शिनजियांगच्या उइगुर मुस्लिमांच्या हक्कांवर ठराव नव्हे, नुसती चर्चा तरी करायची का, एवढंच विचारलं होतं. १७ हो, १९ नाही, ११ तटस्थ. आपण त्या ११ जणांत. गलवानला जेमतेम दोन वर्षं झालेली, तरी बोट घसरलं नाही!

दुसऱ्या दिवशीचा खुलासा पाठच करा: एकेका देशाचं नाव घेऊन केलेले ठराव कधीच उपयोगी पडत नाहीत, ही आपली जुनी भूमिका. किती जुनी, असं कुणी विचारलं तर खोकला काढा. २०१२ आणि २०१३ मध्ये श्रीलंकेचं नाव घेतलेल्या ठरावांना आपणच हिरवं दाबलं होतं. (तेव्हा दिल्लीची खुर्ची चेन्नईतून, तमिळ पक्षांच्या हातून हलत होती.) २०१४ मध्ये पुन्हा बांधावर.

१९४६ साल तर काढूच नका. देश अजून स्वतंत्रही नव्हता आणि विजयालक्ष्मी पंडित संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आफ्रिकेचं सरळ नाव घेऊन, तिथल्या भारतीयांसाठी भांडत होत्या. हा आमचा अंतर्गत प्रश्न, असं समोरचे म्हणाले. ते वाक्य आता आपण वापरतो. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची?

भाषणाची सुरुवात हंसा मेहतांपासून करा. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले ‘सर्व पुरुष’ खोडून ‘सर्व माणसं’ करायला लावणाऱ्या त्या. टाळ्या हमखास. एका शब्दासाठी त्या अडून बसल्या होत्या, हे मात्र गाळा. नव्या अधिकाऱ्यांना वाईट सवयी लागतात.

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचं विचारतीलच. १९९७ मध्ये सही केली, म्हणजे साखरपुडा झाला; अनुमोदनाचा मुहूर्त अजून निघायचाय. दर चार-पाच वर्षांनी परिषदेतल्या आपल्या मानवी हक्क आढाव्याला पाहुणे तारीख विचारतात. चहा द्या, ‘बोलणी चालू आहेत’ म्हणा.

बाकी थंडी फार, स्वेटर न्या. जिनिव्हाचं तळं सुंदर आहे म्हणतात. काठावरूनच बघा.