गाडीनं हवा घेतली

नागपुरात माणसाला आत्मविश्वास येतो तो मार्च महिन्यात. कूलर गच्चीवरून खाली उतरवायचा, तिन्ही जाळ्यांतली मागच्या वर्षीची कुजकी घास उपसून नवी भरायची, पंप जागेवर बसवायचा आणि बटण दाबायचं. खिडकीतून पहिला गार झोत आला की घरची मंडळी आपल्याकडे ज्या नजरेनं बघतात, तिची एकदा चटक लागली की माणूस कामातून गेला. मी अकरा वर्षं घास स्वतः बदलतोय. त्यामुळे डिझेल गाडीचा फिल्टर बदलायची मजुरी साडेतीनशे रुपये आहे हे ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "फिल्टर म्हणजे काय, घासच ना शेवटी!"

बायको काही बोलली नाही. तिनं फक्त चहाचा कप जरा जोरात ठेवला.

मे महिन्यातला रविवार. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून सकाळी साडेसहालाच पोर्चमध्ये बोनेट उघडलं. अवजारं म्हणजे एक पक्कड, दोन पाने, एक पेचकस आणि मुलाची जुनी बनियन. गळणारं डिझेल धरायला भांडं हवं होतं, ते स्वयंपाकघरातून उचललं. तो दुधाचा गंज आहे हे मला माहीत होतं. पण त्या वेळी घरात कुणी उठलं नव्हतं, आणि धुऊन ठेवू असा माझा प्रामाणिक विचार होता.

फिल्टरला दोन नळ्या. एकीतून टाकीतलं डिझेल आत येतं, दुसरीतून गाळून इंजिनकडे जातं. कुठली कुठे होती हे विसरू नये म्हणून मोबाइलवर फोटो काढला. (तो नंतर बघितला. फोटोत माझा अंगठा फार स्पष्ट आला आहे.) नळ्या ओढल्या, निघेनात. पिळल्या, निघेनात. अर्धा तास झटापट केल्यावर लक्षात आलं की टोकाशी दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या बारक्या खुंट्या आहेत. त्या दाबल्या की नळी लोण्यासारखी सुटते, आणि सुटताना कोपरापर्यंत डिझेल सोडते.

एवढ्यात शेजारचे काकाजी कुंपणाशी आले. वीज मंडळातून रिटायर झाल्यापासून त्यांचं लक्ष आमच्या पोर्चवर असतं.

"काय खोलून राह्यले भाऊ?"

"फिल्टर."

"सोताच?" एवढं विचारून ते खुर्ची आणायला गेले.

जुना फिल्टर मी गंजात उलटा केला आणि दोन मिनिटं बघतच राहिलो. वर पिवळसर डिझेल, आणि तळाशी पाण्याचा वेगळा थर, दोनेक चमचे असेल. त्यात काळे कण पोहत होते. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी खाली बसतं आणि फिल्टर ते तिथंच अडवून धरतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, आणि फिल्टरमधल्या घड्या घातलेल्या कागदाला त्याहून कितीतरी बारीक कचरा पकडायचा असतो. पुढे इंजेक्टरमध्ये डिझेलचा जो दाब असतो तो दीड हजार बारच्या पुढे जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सातशे पट. तिथं एवढासा कण गेला तरी इंजेक्टरचं काम तमाम, आणि त्या बिलापुढे साडेतीनशे म्हणजे चिल्लर. हे सगळं गंजाकडे बघताना पटलं. घास वगैरे शब्द मी मनातल्या मनात परत घेतले.

पाण्याचा सेन्सर जुन्यातून काढून नव्याला लावला, रबरी रिंगला डिझेलचं बोट फिरवलं, नळ्या अंदाजानं आणि फिल्टरवरच्या बाणाकडे बघून जोडल्या, आणि ऐटीत किल्ली फिरवली.

घर्रर्र. घर्रर्र. घर्रर्र.

"एअर घेतली ना भाऊ गाडीनं," काकाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. "आता नाही होत चालू. माझ्या साळ्याची अशीच उभी होती. आठ दिवस."

निदान बरोबर होतं. डिझेल दाबलं की दाब पुढे सरकतो, हवा दाबली की ती नुसतीच आकसते. नळीत हवा असली की पंप आपला हवा दाबत बसतो आणि इंजेक्टर उपाशी. अशा वेळी सेल्फ मारत राहू नये हेही मला ठाऊक होतं. तरी मी मारत राहिलो. बॅटरीचा आवाज आधी चिडका, मग केविलवाणा आणि शेवटी दमेकऱ्यासारखा झाला. नऊ वाजले होते, पोर्चची फरशी तापायला लागली होती. हे इंजिन शोधणारा रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला, त्याच्या कारणावरून अजून वाद आहे म्हणतात. मला त्या सकाळी काही वाद वाटला नाही.

तेवढ्यात बायको बाहेर आली. आधी तिची नजर गंजावर गेली. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

"झालं काय?"

"हवा घेतली."

"मग? आपली मोटर पाणी सोडते तेव्हा मी काय करते? आधी तिच्यात लोटाभर पाणी ओतते, मग बटण दाबते. तुम्ही नुसतं बटणच दाबून राहिले." मग बोनेटमध्ये वाकून म्हणाली, "अहो, हा फुगा कशाचा?"

डॉक्टरांच्या बीपीच्या मशीनला असतो तसा तो काळा रबरी फुगा सकाळपासून माझ्या मनगटाला लागत होता. मी त्याला तीनदा बाजूला सारलं होतं. हातानं डिझेल ओढून हवा काढायला कंपनीनं दिलेला पंप तो. दाबायला लागलो. आधी पिचपिच, आत नुसतीच हवा. नागपूरकरानं संत्र्याची उपमा द्यावी असा संकेत आहे म्हणून सांगतो, सुरुवातीला तो फ्रीजमागे विसरलेल्या संत्र्यासारखा लिबलिबीत होता. चाळिसाव्या दाबाला जरा भरला आणि साठीच्या आसपास कच्च्या संत्र्यासारखा टणक झाला. किल्ली फिरवली. दोनदा खोकली, पांढरा धूर सोडला आणि धडधडायला लागली.

काकाजी खुर्ची उचलून घरात गेले.

गंजाच्या विषयावरून लक्ष उडावं म्हणून सगळ्यांना त्याच गाडीतून तर्री पोहे खायला नेलं. अकरा वाजत आले होते, ठेल्यावर शेवटच्या चार प्लेटी होत्या. पैसे द्यायला खिशात हात घातला तर नोटेबरोबर एक काळी रबरी रिंग बाहेर आली.

ही जुनी, की नवी?

प्लेट तशीच ठेवून गाडीखाली वाकलो. इंजिनच्या खाली रस्त्यावर रुपयाएवढा ओला ठिपका होता. "एसीचं पाणी असेल," बायको म्हणाली. असेलही. मी बोट लावून वास घेतला. डिझेलचाच आला. मग दुसऱ्या हाताचं, कशालाच न लागलेलं बोट हुंगून बघितलं, तर त्यालाही तोच वास.