कोशर मांसाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘रब्बीने मंत्र म्हटला की कोणतेही मांस कोशर होते’, असा एक संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू; कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार खाण्यास योग्य.) कापणारा शोहेत रब्बीच असावा लागत नाही; त्याला या कामाचे शिक्षण आणि परवानगी असावी लागते. तो आधी आशीर्वचन म्हणतो, पण त्यात देवाची स्तुती असते, आणि अनेक कोंबड्या सलग कापायच्या असल्या तरी ते एकदाच म्हटले जाते. ते राहून गेले तरी मांस बाद होत नाही, असे सोळाव्या शतकातील ‘शुल्हान आरुख’ ही धर्मसंहिता स्पष्ट सांगते.

मांस बाद होते ते सुरी किंवा हात चुकल्यामुळे. पात्याला नखाने चाचपून कळेल एवढीही खाच चालत नाही. कापताना मध्ये थांबणे, सुरी दाबणे, पाते झाकले जाणे, ठरल्या जागेबाहेर कापणे किंवा श्वासनलिका वा अन्ननलिका उपटली जाणे, यांपैकी काहीही घडले तरी मांस निषिद्ध ठरते. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन नियमसंग्रहातील ‘हुलिन’ या प्रकरणानुसार पक्ष्याची श्वासनलिका व अन्ननलिका यांपैकी एक, तर जनावराच्या दोन्ही, निम्म्याहून अधिक कापाव्या लागतात. पुढे जनावराची फुप्फुसे तपासतात, निषिद्ध चरबी काढतात आणि रक्त जावे म्हणून मांस भिजवून, मीठ लावून धुतात. डुक्कर मात्र कसेही कापले तरी कोशर होत नाही.

कोकणातील बेने इस्रायली ज्यू शेजाऱ्यांमुळे हा विषय आपल्याला तसा परका नाही. म्हणून मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटावर हा खुलासा द्यावा.