‘३५ तासांचा सेव्ह उडवला’ या रिव्ह्यूला गेमिंग कॅफेच्या मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. त्या दिवशी एसी बंद होता आणि काउंटरवरचा मुलगा तुमच्याशी तोडून बोलला, हेही खरं. त्याला समज दिली आहे.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमची हार्ड डिस्क खराब आहे, ‘निअर ऑटोमाटा’ या व्हिडिओ गेमचा तुमचा ३५ तासांचा सेव्ह (साठवलेला खेळ) आम्ही उडवला, आणि गेम संपलेला असताना ‘अजून बाकी आहे’ असं सांगून तासाला ८० रुपयांनी तुम्हाला लुबाडलं. हे वाचून रात्री झोप लागली नाही. कॉलेज रोडचं भाडं भरून हा कॅफे चालवतो, आणि नवीन गिऱ्हाईक पायरी चढण्याआधी रिव्ह्यू बघतं. म्हणून सविस्तर लिहितोय. (हा गेम ज्यांना खेळायचा आहे त्यांनी पुढचं वाचू नका, शेवट कळेल.)

सेव्ह हार्ड डिस्कने उडवला नाही. गेमने पुसला, तोही तुम्हाला विचारून. या गेमच्या शेवटांना (एंडिंगना) ए, बी, सी अशी अक्षरं आहेत. सी आणि डी हे दोन्ही शेवट पाहून झाले की ई एंडिंगची वाट उघडते. गेम बनवणाऱ्यांची नामावली सरकत असते आणि त्यातल्या नावांशीच लढायचं असतं. एकट्याने ते फार अवघड जातं. सारखं मरत राहिलं की गेम विचारतो, हार मानता का? मग अनोळखी खेळाडूंची मदत येते. ती मदत म्हणजे त्या लोकांनी आपापला सेव्ह देऊन टाकलेला असतो. ते पार झालं की तुम्हाला विचारणा होते: कुणा परक्याला मदत व्हावी म्हणून तुमचा सगळा सेव्ह पुसायचा का? फिरवून फिरवून विचारतो. ज्याला मदत मिळेल तो तुम्हाला अजिबात न आवडणारा माणूसही असेल, असंही बजावतो. ‘नाही’ म्हटलं की काहीच जात नाही. तुम्ही दरवेळी ‘हो’ दाबलंत. मी तुमच्या खुर्चीमागेच उभा होतो, सर. मध्ये बोललो नाही, कारण तिथे कॅफेवाल्याने तोंड घालणं मला पटत नाही. उलट तुमच्याबद्दल फार बरं वाटलं होतं.

आता तासांचं. पहिल्यांदा नामावली आली ते ए एंडिंग. पुढेही खेळत राहा, हे तिथे कंपनीच स्क्रीनवर सांगते. आमच्या काउंटरवरच्या मुलाने तेच सांगितलं. दुसऱ्या फेरीत तीच कथा टू-बी या पात्राऐवजी नाइन-एस या पात्राच्या बाजूने दिसते, आणि तिसऱ्या फेरीत कथा पुढे सरकते. खरा गेम मला तिथेच वाटतो. ए वर उठणारा माणूस गेमचे दिग्दर्शक योको तारो यांचं निम्मं कामही बघत नाही. २०१७च्या या गेमला ए ते झेड असे २६ शेवट आहेत. मासा खाऊन मरण्याचाही एक आहे! तुम्ही गेममधल्या पात्राची ओएस चिप (जिच्यावर ते चालतं) काढलीत आणि ‘मशीन बंद पडलं’ म्हणून आवाज चढवलात, तोही शेवटच होता, टी. त्या दिवशीचा तो तास मी बिलात धरला नव्हता. रिव्ह्यूमध्ये ते आलं नाही.

मोठे गेम खेळणाऱ्यांचे सेव्ह पेनड्राइव्हवर काढून ठेवायची सोय करायचं बघतोय. सूचनेची पाटीही लावू. एसीवाल्याला फोन केलाय.

स्टार एकच ठेवा, त्याबद्दल काही म्हणत नाही. ‘लुबाडलं’ हा शब्द तेवढा काढा, ही विनंती.