मालकाकडून उत्तर: मनी प्लांटला रंग मारलेला नव्हता

नमस्कार मॅडम. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की पांढऱ्या नक्षीचं म्हणून 180 रुपयांना नेलेलं मनी प्लांट अडीच महिन्यांत हिरवं झालं, खालची पानं पिवळी होऊन गळाली, आणि आम्ही साध्या वेलाला रंग मारून विकतो. तुम्हाला त्रास झाला, माफ करा. दुकानातल्या पोरानं 'कुठंही ठेवा, चालतंय' म्हणून सांगितलं, ते चुकलंच.

पण रंगाचं तेवढं मनाला लागलं. एकवीस वर्षं खानापूर रोडला बसतोय, पानांना रंग फासून पोट भरायची पाळी अजून आलेली नाही. तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा की. मधली तीन पानं आजही पांढरी-हिरवीच आहेत. रंग असता तर आधी तीच फिकी पडली असती. हिरवी आहेत ती शेंड्याकडची, म्हणजे तुमच्या घरी आल्यावर फुटलेली. मार्बल क्वीन, म्हणजे तुम्ही नेलेलं हे पांढऱ्या नक्षीचं मनी प्लांट, त्याच्या पानात पांढरा भाग असतो त्यात हरितद्रव्य नसतं, त्याच्या जिवावर झाडाला अन्न मिळत नाही. उजेड कमी पडला की वेल नवं पान जास्त हिरवं काढून आपली सोय बघतो. त्यामुळंच हा साध्यापेक्षा सावकाश वाढतो, आम्हाला जास्त दिवस सांभाळावा लागतो, म्हणून शनिवार खूट चौकातल्या 50 रुपयांच्या साध्या वेलाशी याचा दर जुळत नाही. सांगितलेले 220, तुम्ही घासाघीस करून 180 दिले. ते लिहायचं राहिलं बहुतेक.

फोटोत कुंडी फ्रिजवर आहे, खिडकी पार पलीकडं आणि पडदा ओढलेला. त्यात नेलं जूनच्या शेवटी. जुलै-ऑगस्टात बेळगावात कपडे वाळत नाहीत, तिथं कुंडीतली माती कुठली वाळायला! वर रोज पाणी, आणि खाली भोक नसलेली चिनी मातीची कुंडी. अशात मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. ती कुंडी आमची नव्हे.

फोनवर माझा आवाज चढला, कबूल. रात्रीचे साडेदहा वाजले होते, ताटावर बसलो होतो.

हिरवी झालेली पानं पुन्हा पांढरी होत नाहीत. पण नक्षीचं पान आहे त्या पेराच्या जरा वर वेल कापला तर तिथनं येणारा फुटवा बहुतेक नक्षीचाच येतो. मग पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवा, भर दुपारचं ऊन नको, पांढरा भाग करपतो. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. हे सगळं चिठ्ठीवर होतं, पण चिठ्ठी कानडीत होती, तुम्हाला वाचता आली नाही हे बरोबर आहे. मराठीत छापून घ्यायची आहे, दसऱ्यापर्यंत बघतो.

वेल घेऊन या, कापून भोकाच्या कुंडीत लावून देतो, पैसे नकोत. सोमवारी बंद असतंय. आणि फोटोत कोपऱ्यात मांजर दिसलं, त्याला ही पानं चघळू देऊ नका, तोंडाची आग होते, लाळ गळते.