रत्नागिरीकरांच्या कमेंटला उत्तर: "घरबसल्या डॉक्टरकी"

नमस्कार. तुम्ही नाव घातलेलं नाही, नुसतं 'एक रत्नागिरीकर' लिहिलंय, म्हणून मीही तेच म्हणते. सीआरपी (शरीरात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असला की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेला दिसला की आकड्याच्या मागे लागण्याआधी घराच्या भिंतींवरची बुरशी आणि गोठ्यातल्या गोचड्या बघा, असा माझा लेख होता, त्यावर तुमची कमेंट. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: तुमचं म्हणणं, सीआरपी शंभर कारणांनी वाढतो, भिंतीवरच्या बुरशीने वाढतो याला भक्कम पुरावा नाही, माकडतापाच्या (गोचिडीच्या चाव्याने होणारा ताप) परिच्छेदात डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचं, म्हणजे डॉक्सीचं, नाव घेणं चूक आहे, आणि शेवटी "घरबसल्या डॉक्टरकी करणाऱ्यांनी लोकांना घाबरवू नये."

डॉक्सीचं आधी सांगून टाकते, ते तुमचं बरोबर आहे. माकडताप व्हायरसचा, तिथे डॉक्सी काही करत नाही, मी गोचिडीच्या सगळ्या तापांबद्दल एकत्र लिहिताना दोन वाक्यं शेजारी पडली आणि वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. दुरुस्त केलंय. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडताप आला तेव्हा काजूच्या बागेत जाणारी माणसं कशी हादरली होती ते आम्ही जवळून बघितलंय, त्यामुळे या बाबतीत चुकीचं काही माझ्या नावावर राहू नये असं मलाही वाटतं. झालं.

आता ते शेवटचं वाक्य. घरबसल्या.

तीन वर्षांपूर्वी पाऊस ओसरला आणि बाबांना ताप भरला. आमच्याकडे दोन गाई, एक म्हैस, बाबा रोज संध्याकाळी गाईच्या कानामागच्या गोचड्या हाताने काढायचे आणि नखाने चिरडायचे, वर्षानुवर्षं. ताप १०३, डोकं ठणकतंय, पोटऱ्या धरल्यात, आणि विचारलं की एकच, "माका कायएक झालेला नाय." पहिल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सीआरपी ९६. आकडा बघून स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी ताप नाही, बाबांनी वाटीभर पेज खाल्ली, आई देवापुढे साखर ठेवून आली. तिसऱ्या रात्री पुन्हा १०३. परत इंजेक्शन, परत दोन दिवस बरं, परत ताप. बारा दिवस हेच चाललं. स्टिरॉइडने ताप दबतो, सीआरपीही खाली येतो, आणि ज्याच्यामुळे तो वाढला ते आत तसंच राहतं, हे मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी बाबांच्या अंथरुणाशी बसून बघितलं.

तेराव्या दिवशी मी त्यांच्या तळपायाला खोबरेल चोळत होते. तळव्यावर तांबूस ठिपके, मसुरीच्या डाळीएवढे. मला वाटलं चिखलाचे डाग, म्हणून अंगठ्याने घासले, जाईनात. हात उघडून बघितले तर तळहातावरही तेच. त्याच दिवशी रिक्षा करून तालुक्याला, तिथून पुढे मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांनी सीआरपीचा कागद बाजूला ठेवला, तळवे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "घरी जनावरं आहेत?" तिकडे डॉक्सी सुरू झालं, दोन दिवसांत ताप उतरला तो उतरलाच. गोचिडीमुळे होणारा टायफस, हा रिकेट्सिया नावाच्या जिवाणूचा, म्हणून इथे डॉक्सी चालतं आणि माकडतापात चालत नाही. तुमच्याच मुद्द्याचं उत्तर यात आहे.

तर रत्नागिरीकर, मी घरबसल्या काय केलं असेल तर हे, बापाच्या तळपायाला तेल लावलं. ते लावलं नसतं तर ठिपके कोणाला दिसले असते? मी कुठेही औषधाचा डोस लिहिलेला नाही, कुठेही डॉक्टरकडे जाऊ नका म्हटलेलं नाही, उलट जाताना डॉक्टरांना गोठ्याचं, बागेचं, गवत कापल्याचं आपणहून सांगा असं दोनदा लिहिलंय. याला डॉक्टरकी म्हणत असाल तर आमच्या गावातली प्रत्येक बाई रोज डॉक्टरकी करते. आणि घाबरवायचं म्हणाल तर मी घाबरलेली होते तेव्हा मला कोणी दोन शब्द आधी सांगितले असते तर बारा दिवस वाचले असते, एवढ्यासाठीच तो लेख लिहिला. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात का, ही शंका मला अजून आहे.

बुरशीचं. ताप गेला तरी बाबांचा खोकला जाईना, रात्री छातीत शिट्टी वाजायची, आणि सीआरपी २२ वर अडकून बसला. आता सीआरपी यकृत तयार करतं, नवीन तयार व्हायचा थांबला की रक्तातला सुमारे १९ तासांत निम्मा होतो. म्हणजे कारण संपलं तर काही दिवसांत तो खाली यायला हवा, ईएसआर या सूज दाखवणाऱ्या दुसऱ्या रक्तचाचणीसारखा आठवडे रेंगाळणारा तो नाही. मग दोन महिने २२ का? बाबांची खाट माजघरात, जांभ्याच्या भिंतीला लागून, वर एक कौल सरकलेलं, पावसाळाभर पाणी भिंतीतून झिरपलेलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, ओल नाही असं घर दाखवा. खिळ्यावरचं कॅलेंडर मी काढलं तर मागे बरोब्बर कॅलेंडरच्या मापाचा हिरवट-काळा चौकोन, मखमलीसारखा, आणि असा वास की मला तिथेच ठसका लागला. छातीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं प्रथिन, भरपूर वाढलेलं, इनहेलर दिला आणि खाट हलवायला सांगितली. आम्ही खाट पडवीत आणली, कौलं बसवली, तोंडाला फडकं बांधून भिंत साबणाच्या पाण्याने ओली पुसली, कारण कोरडी खरवडली की बुरशीचे कण घरभर उडतात, आणि चांगली वाळल्यावरच चुना मारला. आधीच्या वर्षी ओल्या भिंतीवरच मारला होता, तो श्रावणात पुन्हा काळा झाला. जानेवारीत सीआरपी ५.

तुम्ही म्हणाल इनहेलरने झालं, थंडीने झालं, आपोआप झालं. म्हणा. ओलसर घर आणि दमा-खोकला यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच मांडलाय, सीआरपीचं मी माझ्या घरातलं सांगितलं आणि ते माझ्या घरातलं आहे असंच लिहिलं होतं. मी ते कॅलेंडर स्वतःच्या हाताने काढलंय. पुराव्याचं ज्यांना बोलायचं त्यांनी बोलावं, माझ्याकडे चारही रिपोर्ट तारखांसकट फाइलला आहेत.

अमेरिकेतले ते बुरशीच्या विषावर म्हणून कोलेस्टायरामीन देणारे उपचार, लाइम या गोचिडीच्या आजाराच्या नावाने महिनोन्महिने अँटिबायोटिक वगैरे तुम्ही मध्ये आणलंत, त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही, मी त्यांची बाजू घेतलेली नाही, त्यावर वेळ घालवत नाही.

तुमची कमेंट मी उडवलेली नाही, त्या वाक्यासकट तशीच ठेवलीय. बाबांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, गोठ्यात गेले, आता हातमोजे घालून जातात आणि गोचडी चिमट्याने काढतात. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नाव घालून लिहा.