जपानी सायकल विकायचीय? मग आधी डोळे मिटून घ्या

तुमच्या माळ्यावर किंवा मळ्यातल्या खोलीत वाकड्या हँडलची, गिअरची एक जुनी सायकल निघाली आहे. कुणा मामांनी कधीतरी आखातातून पाठवलेली. ओल्या फडक्याने पुसली तर फ्रेमवर 'मेड इन जपान' दिसलं. अभिनंदन! कालपर्यंत घरात अडगळ होती, आजपासून विंटेज आहे.

पहिलं काम भाव ठरवण्याचं. ओळख वगैरे नंतर. ओळख पटली की भाव उतरतो. मोबाइलवर परदेशातली एखादी जाहिरात शोधा, शक्यतो केइरिनच्या सायकलीची. केइरिन म्हणजे जपानात १९४८ पासून पैसे लावून चाललेली सायकलशर्यत. तिथे सायकलीच्या भागांवर एनजेएसचा, म्हणजे शर्यतीसाठी मंजूर असल्याचा, शिक्का असावा लागतो. तुमच्या सायकलीवर शिक्का नाही, केइरिनच्या सायकलीला ब्रेक नसतात आणि तुमच्या हँडलला ब्रेकच्या जादा दांड्यासुद्धा आहेत. असू द्या. डॉलरचे रुपये करा आणि जुनेपणाचे वर चढवा. ती सायकल शेवटी केवढ्याला गेली हे मात्र चुकूनही बघू नका. मागायला कुणाच्या बापाचं काय जातं?

आता ब्रँड. फ्रेमवर पॅनासॉनिक असेल तर घरातले म्हणतील, ही टीव्हीवाली कंपनी, सायकल डुप्लिकेट आहे. ब्रिजस्टोन असेल तर टायरवाले, फुजी असेल तर लग्नाच्या फोटोग्राफरचा रोल. तिन्ही नावांच्या सायकली खरोखर होत्या आणि अमेरिकेत ढिगाने विकल्या गेल्या. पण 'ढिगाने' हा शब्द गिऱ्हाइकासमोर काढायचा नाही. 'दुर्मीळ' म्हणायचं. आणखी एक गोष्ट गिळून टाका: १९८५ नंतर येन महागला, २४० च्या आसपास येनांना मिळणारा डॉलर तीन वर्षांत १३० च्या घरात आला, आणि बऱ्याच जपानी नावांच्या सायकली तैवानात बनू लागल्या. फ्रेमवर तैवानचं स्टिकर निघालंच, तर नखाने खरवडायला तुम्हाला कोण अडवतंय!

वयासाठी एक गोष्ट रचून ठेवा. भुसावळ जवळ असेल तर फारच सोपं: रेल्वे कॉलनीतला इंग्रज साहेब जाताना आजोबांना देऊन गेला. साहेब गोरा, सायकल पिवळी, आजोबा प्रामाणिक. गोष्टीत काय कमी आहे? एकच धोका आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जसा मालकाचं ऐकत ऐकत जनावराचा जबडा उघडतो, तसा जाणकार गिऱ्हाईक तुमचं ऐकत ऐकत मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाची, पाठ पुसेल. शिमानो या जपानी कंपनीचा माल असेल तर तिथे बारीक दोन अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं, ए म्हणजे १९७६, दुसरं महिन्याचं. 'एफसी' निघालं तर मार्च १९८१. म्हणजे साहेब देश सोडून गेल्यावर चौतीस वर्षांनी सायकल द्यायला परत आला होता. म्हणून तिथलं ग्रीस अजिबात काढू नका. विचारलंच तर म्हणा, मूळचं आहे.

सायकल साधी आहे की भारी, हे ओळखायच्या खुणा सांगतो, म्हणजे तिकडे बोट जाऊ नये. गिअरच्या दांड्या हँडलच्या मानेवर आहेत. मागचा डिरेलर फ्रेमला थेट लागलेला नाही, चाकाच्या नटाखाली दाबलेल्या एका पट्टीवर लटकतोय. चाक बसतं ती खाच जाड पत्रा ठोकून केलेली आहे. रिम चकचकीत, पण लोखंडी, पावसात ब्रेक दाबला तरी चाक आपल्याच विचारात. फ्रेमवर 'हाय-टेन' म्हणजे साधं, जड पोलाद लिहिलंय, क्रोमोलीचा, म्हणजे हलक्या, महाग पोलादाचा, पत्ता नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पण तुम्ही फ्रेमला चुंबक लावून दाखवा. चिकटलं की ठणकावून सांगा, "बघा, अस्सल पोलाद!" क्रोमोलीलाही चिकटतं आणि आपल्या दूधवाल्याच्या सायकलीलाही, हे त्याला कुठे माहीत असतंय? (बहुतेकदा असतं.)

मग सजावट. मूळ रंग आणि स्टिकर शाबूत असतील तर जाणकार चार पैसे जास्त देतो, म्हणून ते आधी काढा. वर ऑइल पेंटचे दोन हात, मडगार्डवर 'आई एकविरा प्रसन्न', हँडलला गोंडे. टायर उन्हाने तडकलेच असतील. त्यांचं '२७ बाय सव्वा' हे माप आपल्या दुकानात सहसा नसतं. दुकानदार '२८ बाय दीड' काढेल आणि म्हणेल, "बसी जाई भाऊ." बसतो. रिमवर एकाची बैठक ६३० मिलिमीटर, दुसऱ्याची ६३५. ढिला बसतो आणि हवा भरली की रिम सोडून बाहेर येतो. तो आवाज गिऱ्हाइकाच्या चाचणी फेरीसाठी राखून ठेवा.

पुण्याहून येणारा गिऱ्हाईक पाठीवर सॅक आणि खिशात टॉर्च घेऊन येतो. त्याला शेवभाजी खाऊ घाला, दुपारी दोनच्या उन्हात अंगणात उभा करा, आणि सायकल उलटी करू देऊ नका. तळाचा सिरियल नंबर वाचून तो एकदम गप्प होतो आणि मग जे बोलतो ते तुम्ही जाहिरातीत टाकलेल्या आकड्याच्या दहाव्या हिश्शातही बसत नाही. चिडा. "आमची सायकल आम्ही ठेवू," म्हणा. ठेवा.

दोन पावसाळ्यांनी भंगारवाला येईल. तो 'कितलाले शे?' विचारत बसत नाही. चुंबक काढतो, रिम लोखंडात, क्रँक अ‍ॅल्युमिनियमात, मिनिटभरात सगळं वेगळं. सीट आणि टायर तो वजनात धरत नाही, त्यावर वाद घालू नका. फक्त पेडल काढायला पाना मागेल तेव्हा द्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मात्र सांगू नका, बसू द्या झटत. तोवर त्याच्या काट्याचा शून्य नीट बघून घेता येतो.